ताकदीची पावडर

“नाटकं पुरे, नाक दाब आणि पी!” लहानपणी रोज सकाळी कानावर पडलेला बाबांचा तो आवाज तिला आजही आठवत होता. आता त्याच स्वयंपाकघरात बाबा तिच्या लेकीसाठी दुधात ताकदीची पावडर ढवळत होते. आयुष्यभर दवाखान्यात कंपाउंडरकी केलेला माणूस. मोजून दोन चमचे, वर एक कण नाही. “बाबा, दुधानं हिच्या अंगावर गांधी उठतात. डॉक्टरांनी बंद केलंय.” “डॉक्टरांना काय कळतंय? याच दुधावर तू घोड्यासारखी वाढलीस! पी गं छकुले, आईसारखी होशील.” छकुलीनं भीतभीत पेला ओठांशी नेला. तशी आईनं झडप घालून तो हिसकावला आणि मोरीत पालथा केला. “माझ्या हातचं दूध ओतलंस?” बाबा कडाडले. “आज पहिल्यांदा नाही, बाबा. लहानपणी एकदाच प्यायले, ओठ सुजले. पुढची सात वर्षं तुमचं दूध मोरीनं प्यायलं.”