सगळी हजर आहेत

जीप शाळेसमोर थांबली तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. मुलांची नखं तपासून झाली होती, फळा दोनदा पुसून झाला होता. मोकळ्या जागा डोळ्यावर येऊ नयेत म्हणून दोन बाकं मागच्या भिंतीला सरकवून मुलांना ऐसपैस बसवलं होतं.

वर्गातल्या सातजणांना बाईंनी कालच बजावलं होतं, "उद्या तुम्हाला सुट्टी. इकडे फिरकायचं नाही." सातही जण ढ. वाचताना अडखळणारे, हिशोबात गटांगळ्या खाणारे. सांगताना बाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण भंगाराच्या गोदामांमागची ही एका खोलीची शाळा बंद पडणार अशी कुजबुज महिनाभर चालली होती, आणि आता तपासणी आली होती. शाळा गेली तर ही पोरं कुठे जाणार? टेकडीवरच्या शाळेत यांना दारात तरी कोण उभं करतंय! दुसऱ्या दिवसापासून आयांबरोबर भंगार निवडायला बसतील, झालं. वस्तीतली पोरं मठ्ठच असतात, हे बाईंनी इतकी वर्षं खाली मान घालून ऐकलं होतं. आज सगळ्यांची तोंडं बंद करायची होती.

साहेब उंच, किडकिडीत. आवाज इतका हळू की कान द्यावा लागे. खुर्चीवर बसून त्यांनी चष्मा पुसला आणि मुलांवरून नजर फिरवली. मग पुन्हा एकदा फिरवली.

"सगळी आलीत?"

"हो साहेब. सगळी हजर आहेत."

"कुणी आजारी वगैरे?"

"छे. आमच्याकडे दांडी मारायची पद्धतच नाही."

मग साहेबांनी एका मुलाला भागाकार घातला. पोरानं तो तोंडीच सोडवला. एका मुलीला धडा वाचायला लावला. ती धाडधाड वाचत सुटली आणि साहेबांनी तिला थांबवलंच नाही. धडा संपला, तर म्हणाले, पुढचा घे. ऐकत होते की नाही कोण जाणे, त्यांचं लक्ष सारखं दाराकडे जात होतं. बाईंना वेगळीच शंका आली. कुणी चुगली तर केली नसेल?

"हुशार आहेत," साहेब म्हणाले. पण चेहरा काही खुलला नाही.

"मेहनत घेतात हो पोरं."

"मी थांबतो अजून थोडा वेळ. कुणाला यायला उशीर झाला असेल तर."

हा माणूस आपल्याला पकडायला बसलाय, बाईंची खात्रीच पटली. "कशाला साहेब उगाच? कुणी यायचं राहिलंच नाहीये."

तेवढ्यात दारात सावली पडली. बाईंनी वळून पाहिलं. गोगलगाय.

सातजणांतली सगळ्यात ढ. लिहायला इतकी हळू की वर्गानंच तिला ते नाव ठेवलं होतं. सातच्या पाढ्यावर वर्षभर अडली होती. पण शाळेचं वेड असं की ताप असला तरी येऊन बसायची. आताही केस चापून विंचरलेले, धापा टाकतेय आणि तोंडभर हसतेय. काहीतरी सांगायला म्हणून तिनं तोंड उघडलं.

"घरी जा गं," बाई घाईनं म्हणाल्या. "इथे काम चाललंय."

साहेब खुर्चीवरून उठले. "ही तुमच्या शाळेतली?"

"नाही नाही. वस्तीतली आहे. येऊन उभी राहते कधीमधी."

वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी डोळे वटारले तसं गप्प झालं.

"नक्की?" साहेबांनी विचारलं. बाईंनी मान डोलावली. मग साहेब दाराशी जाऊन पोरीसमोर वाकले. "बाळ, तू येतेस ना या शाळेत? खरं सांग. कुणी रागावणार नाही."

पोरीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी नुसती भुवई उचलली. पोरीचं हसू मावळलं.

"नाही," ती म्हणाली.

"आत येऊन बसतेस?"

तिनं नकारार्थी मान हलवली आणि भिंतीच्या कडेकडेनं निघून गेली. बाईंना अगदी भरून आलं. उद्या तिला जवळ घेऊ, समजावून सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. एवढा आजचा दिवस पार पडू दे.

साहेबांनी बॅग उचलली. बाई त्यांना सोडायला जीपपर्यंत गेल्या.

"साहेब, शाळा राहील ना आमची?"

"बंद होईल, बाई. या महिनाअखेरीस."

"अहो, पण विचारलंत ते सगळं पोरांनी बरोबर सांगितलं."

"ते मी वेळ काढायला विचारत होतो." साहेबांचा आवाज आणखीच खाली गेला. "नवा नियम आलाय. वर्गात वीस पोरं हवीत, एक जरी कमी पडलं तरी शाळा बंद. पटावरची नावं धरायची नाहीत, समोर बसलेली तेवढी मोजायची. आणि आधी सांगायची आम्हाला बंदी. सांगितलं की शाळावाले इकडून तिकडून पोरं आणून बसवतात म्हणे."

बाईंचा हात जीपच्या दारावर तसाच राहिला.

"किती भरली?"

"एकोणीस."