मोडके कान

तीन सुया वाया गेल्या. सोनाक्कांच्या आठव्या महिन्यात जन्मलेल्या पणतीची शीर सिस्टरला सापडेना आणि सलाईन तर लगेच लावायला हवं होतं.

"ब्रदरना बोलवा," सिस्टर म्हणाली. दार व्यापून नर्सच्या गणवेशातला एक पैलवान गडी आत आला. कुस्त्यांत मोडून गाठी झालेले कान, आणि बाळ सहज मावेल असा पंजा.

"यांची अक्कल गुडघ्यात," सोनाक्का नातीच्या कानात पुटपुटल्या. "पोरीचं मनगट मोडून ठेवील."

"सगळ्या पैलवानांना एकाच साच्यात नको गं घालूस, आज्जी."

त्यानं चक्क डोळे मिटले आणि बोटाचं टोक बाळाच्या इवल्या हातावरून पिसासारखं फिरवलं. मग डोळे उघडून त्यानं सुई सरकवली. बाळानं फक्त ओठ मुडपले.

"डोळे मिटून शीर कशी रे घावली?"

"तालमीत डोळ्यांत माती जाते, आज्जी. मग बोटांनीच बघायची सवय लागते."

सोनाक्का त्या हातांकडे बघतच राहिल्या. साठ वर्षांपूर्वी त्यांना बघायला एक पैलवान आला होता. त्याचे मोडके कान पाहूनच त्यांनी नकार दिला होता. हात कसे होते, ते काही केल्या आठवेना.