योनाचं उत्तर

लेयाबाई पेणकर सिनेगॉगमधून घरी आली तेव्हा काळूराम तांडेल ओटीवर बसून तिची वाट पाहत होता. त्याला बघून तिला हायसं वाटलं, आणि आज शनिवार आहे हे आठवून दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा उतरला.

दोन आठवडे ती करंज्याला त्याच्याकडे निरोप धाडत होती. तिचे वडील हसकेलबुवा पनवेलच्या इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, समाजात मराठीतून कीर्तन करत. धर्मग्रंथातल्या कथा, बुवांच्या स्वतःच्या ओव्या, आणि मागे तीस वर्षं मृदंगावर काळूराम. बुवा गेल्यावर त्यांच्या वह्या लेयाबाईनं शाळेची नोकरी सांभाळून उतरवून काढल्या होत्या. त्याचं आता पुस्तक होणार होतं. पनवेलची तीस घरं पुढच्या महिन्यात इस्रायलला निघाली होती, आणि बोटीवर चढताना प्रत्येक घराच्या हाती एक प्रत पडायला हवी होती. सगळं जुळून आलं होतं; फक्त योना या संदेष्ट्याच्या आख्यानाचा शेवट वाळवीनं खाल्ला होता. तो लेयाबाईला आठवत नव्हता, कारण लहानपणी योना माशाच्या पोटातून बाहेर पडेपर्यंत ती आईच्या मांडीवर झोपून जाई, आणि मोठेपणी ती शिकायला पुण्याला होती.

छापखान्याला शेवटची पानं सोमवारी सकाळी हवी होती. काळूरामचा मचवा बंदरात मीठ भरून उभा होता. दुपारच्या ओहोटीबरोबर तो रत्नागिरीला सुटणार, तो पंधरा दिवसांनी परतणार. आणि शनिवार म्हणजे शब्बाथ, कामाला हात न लावण्याचा दिवस; आकाशात तीन तारे दिसून तो संपेपर्यंत लेयाबाई हातात लेखणी धरणार नव्हती.

शेजारची शांती मदतीला आली. तुम्ही हात लावू नका, मी लिहून घेते, असं ती म्हणाली. लेयाबाईला क्षणभर मोह पडला. पण आपलं काम दुसऱ्याला सांगून करून घ्यायचं तर शब्बाथ तो कसला, असं म्हणून तिनं शांतीला परत पाठवलं.

काळूराम हे सगळं शांतपणे बघत होता. त्यानं मृदंग मचव्यावरच ठेवला होता. या घरात शनिवारी वाद्य वाजत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

“लिवायचं कशाला, बाय?” तो म्हणाला. “मी तरी कुटं लिवलंय? तू म्हन. मी ऐकतो.”

त्यानं पहिली ओवी म्हटली, तिनं ती मागून म्हटली. एकूण अकरा होत्या. तीन सहज आल्या. चौथी येताच दुसरी निसटली. ती चुकली की काळूराम रागावत नसे, नुसता थांबून आढ्याकडे बघत बसे. वर्गातल्या चाळीस मुलींसमोर लेयाबाई रोज हेच करत आली होती, पण आढ्याकडे बघणं समोरच्याला किती जड जातं हे तिला आज कळलं. तिला घाम फुटला. पदरानं तोंड पुसून ती पुन्हा पहिलीपासून सुरू करी.

नऊ ओव्या झाल्या तेव्हा मचव्यावरचा खलाशी बोलवायला आला. पाणी फिरलं होतं. काळूराम उठला, तशी लेयाबाईही उठली. दहावी ओवी रस्त्यात पाठ झाली. तो पुढे अनवाणी, ती त्याच्या मागे; पावलं आपोआप तालात पडत होती. अकरावी सांगेपर्यंत बंदर आलं, आणि खलाशानं दोर सोडला.

काळूरामनं मचव्यात चढून तिथूनच ती म्हटली.

“वेल सुकली रे योना, तुझे पाणावले डोळे,
माझे नगर हे भोळे, कैसे लोटू?”

लेयाबाईनं ती मागून म्हटली. काळूरामनं कानाशी हात नेला. मचव्यात आणि धक्क्यात आता बरंच पाणी होतं. पेणकरांच्या घरात कीर्तन पुरुषांचं. लेयाबाई चार माणसांत कधी गायली नव्हती. तिनं डोळे मिटले आणि छातीतून आवाज काढला. मिठाच्या गोणी वाहणारे हमाल पाठीवरच्या ओझ्यासकट थबकले. काळूरामनं तिच्याकडून आणखी दोनदा म्हणवून घेतली, मग मान डोलावली.

“काका, पुढे?” ती ओरडली. “योना काय उत्तर देतो?”

“काय नाय देत,” पाण्यावरून आवाज आला. “बुवा हितंच थांबायचे. मंग लोक उटून चपला शोदायचे. कोन कोनाशी बोलायचा नाय.”

देवानं पापी नगराला माफ केलं म्हणून रुसलेला योना सावलीची वेल सुकल्यावर मात्र हळहळतो; धर्मग्रंथातही त्यावरच्या देवाच्या या प्रश्नापाशीच कथा संपते, हे तिला ठाऊक होतं. पण वडील कीर्तनकार. लोकांना घरी धाडण्याआधी त्यांनी एखादी गोड आरती जोडलीच असेल, असं ती धरून चालली होती. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

मचवा खाडीच्या वळणाआड गेला. लेयाबाई परत फिरली. डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर असावी तशी ती जपून चालत होती. बाजारात नझीरशेटनं दुकानातून उठून विचारलं, “बाई, तबियत ठीक आहे ना?” तिनं नुसता हात वर केला. ओठ हलत होते. ओळखीच्या दोघींनी हाका मारल्या, तिनं कुणालाच ओ दिली नाही.

दुपारचे दोन वाजले होते. तारे निघायला अजून पाच तास होते.