मुरूम लागेपर्यंत

वाचकहो, पुढील मजकुरात घराच्या एका पायाची हकीगत निवेदन करण्यात येत आहे. तीत कोणी चोरी केली नाही, कोणी लबाडी केली नाही. तरी जे घडले ते घडले, म्हणून आपण ती शांत चित्ताने वाचावी.

सन १९७४ च्या वैशाखातील दुपार. आसेगावच्या दवाखान्यामागे परिचारिकेच्या दोन खोल्यांकरिता चर खोदलेला होता, आणि त्यात पुंजाजी गवंडी घामाने निथळत उभा होता. चराच्या भिंती वरपासून तळापर्यंत काळ्याभोर. काठावर देवमन उभा होता. वाशीमच्या एका वास्तुशिल्पकाराच्या कचेरीत तो करारपत्रे लिहीत असे, आणि पायाचे माप तपासून सही करण्याकरिता त्याला येथे पाठविण्यात आले होते. या खोल्यांत राहावयास येणारी परिचारिका म्हणजे त्याचीच मुलगी अंजना; तोवर ती शेजारच्या टिनाच्या खोपटात राहत होती.

पुंजाजीने लोखंडी सब्बल उचलून तळाशी मारली. मुरमाच्या कठीण थरावर पडली असती तर ती खणकन वाजली असती. ती मुकाट्याने हातभर आत गेली.

"देवमनभाऊ, अजून काळीच हाय. मुरूम दोन-अडीच हात खाली असन. काय म्हणते तुहा कागद?"

"एक मीटर."

"म्हंजे किती?"

"दोन हात, वर चार बोटं."

"अन् मुरमाचं काय लिवलं?"

देवमन हातातले करारपत्र चाळू लागला.

"वीस वर्सं तुहाच कागद आयकून खणत आलो मी. मले वाचता येत नाही, पण 'मुरूम लागेपर्यंत' कुठी लिवलं असते ते बोटानं दाखवतो. यावक्ती काहून नाही लिवलं?"

पुंजाजीचे खरे होते. वीस वर्षे प्रत्येक करारपत्र देवमनने स्वहस्ते लिहिले होते, आणि प्रत्येकात ते एक वाक्य घातले होते: काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत पाया खोदावा. गेल्या कार्तिकात मोठ्या शहरातून करारपत्रांचा नवा छापील संच आला. कलमे सर्व छापलेली. मोकळ्या जागी फक्त आकडे भरावयाचे. चौदाव्या कलमात पायाच्या खोलीपुढे बोटभर जागा होती. तेथे देवमनने बारीक अक्षरात 'मुरूम लागेपर्यंत' असे बसविले होते. कचेरीचे मालक दौलतराव साहेब यांनी ते खोडले.

"मुरूम हा आकडा आहे काय, देवमन? नमुन्यात आहे तोच घाल."

नमुना लाल मातीच्या मुलखातला होता; तेथे मीटरभरावर घट्ट जमीन लागते. देवमनने नव्या कागदावर 'एक' घातला. अक्षर नेहमीप्रमाणे मोत्यासारखे आले.

आता त्याने खिशातून पेन काढले, करारपत्र गुडघ्यावर घेतले आणि समासात 'मुरूम' हा शब्द लिहिण्यास आरंभ केला. तोच कंत्राटदार जानराव पुढे आला.

"थांबा, बाबूसायब. साठावं कलम वाचा. सहीच्या वक्ती तुमीच वाचून दाखोलं होतं मले."

देवमनला ते पाठ होते. छापील मजकुराखेरीज हाताने लिहिलेला कोणताही शब्द ग्राह्य धरला जाणार नाही.

"मी काही कसाई नाही," जानराव म्हणाला. "मालेगावले हातभर जास्त खणलं मी, मुरूम लागेलोक. माप कागदाशी जमलं नाही म्हून काम नापास! दोन महिने चर उघडा पडला, त्यात कोणाची म्हैस पडून मेली. आता कागद म्हणन तेवढंच. सायबाकून बदलून आणा."

"मांगितलं होतं. म्हणाले, संच बदलाचा तं वरून मंजुरी लागते. दिवाळीलोक येईन."

"दिवाळीलोक ही काळी पाण्यानं फुगते," पुंजाजी चरातून म्हणाला. "मंग उन्हायात फाटते, अन् भिंत संगं घेऊन फाटते."

"अन् मी सही नाही केली तं?" देवमनने विचारले.

"तं दुसरा कोणी करीन. नाही तं खोल्याइची मंजुरी वापस जाईन, अन् तुमची पोरगी या टिनाखालीच राहीन. मांगच्या पावसायात साप निंघाला होता ना तिच्या बाजेखाली?"

देवमनने टेप धरला. एक मीटर. ना कमी, ना जास्त. समासात अर्धवट राहिलेला 'मु' त्याने व्यवस्थित खोडला, आणि खाली लिहिले: माप करारपत्राबरहुकूम. सही केली.

इतक्यात अंजना पाण्याचा तांब्या घेऊन आली. पांढरे लुगडे, कपाळावर घाम. चरात डोकावताच तिचा चेहरा फुलला.

"बाबा, पाया पक्का झाला ना?"

"बरहुकूम हाय, बाई."

"घ्या! घरच्याशीबी कचेरीतलंच बोलता तुमी." ती हसली. "हे पाहा, बाज मी या भिंतीले लावीन. इथं उशी. खिडकीतून दवाखाना दिसन, कोणी बाळंतीण आली तं लगेच उठता येईन."

देवमनने पाणी घेतले. एक घोट पिऊन त्याने तांब्या काठावर ठेवला.

पुंजाजीने खाली पाहूनच सब्बल उपटली. काळ्या मातीत खोल भोक राहिले. जानरावने वरून पहिला दगड दिला. पुंजाजीने तो दोन्ही हातांनी घेतला, त्या भोकावर ठेवला आणि हातोड्याने ठोकला.

दगड बसला. खालून कसलाही आवाज आला नाही.

ही हकीगत येथे संपते. आपला मोलाचा वेळ खर्चून आपण ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचलीत, याबद्दल मी, रामधन सखाराम भगत, मुक्काम मालेगाव, आपणा सर्वांचे हात जोडून आभार मानतो.