आठ दिवसांचा आठवडा

"कारण काय?" विभागप्रमुख व्यंकटराव सरांनी विचारलं.

विशाखाकडे कारण नव्हतं. आलेख मात्र सुरेख होता. आज वर्गात यायचं की घरून शिकायचं, हे ज्याचं त्याने सकाळी कळवायचं, अशी विभागात मुभा होती. सत्रभराच्या या नोंदी हाच तिच्या संख्याशास्त्राच्या प्रकल्पाचा विषय. एकदा सोमवारी घरी थांबलेला मुलगा पुढच्या आठवड्यात मंगळवारी थांबे, त्यापुढच्या आठवड्यात बुधवारी. अंतर, बसभाडं, नेटवर्क, सगळं लावून पाहिलं. जुळत काहीच नव्हतं. मुलांना विचारलं तर हसायची. "घरी काम असतं. तुला नाय कळायचं, हॉस्टेलवाले."

सरांना आलेखाची गरजच वाटत नव्हती. घरून शिकणं म्हणजे पांघरुणातून शिकणं, असं ते म्हणत. उद्याच्या बैठकीत ही मुभा बंद होणार होती आणि त्या बैठकीला सगळ्यांनी जातीने हजर राहायचं होतं. विशाखाला त्यांनी शांतपणे सांगितलं की कारण नसेल तर प्रकल्प पुन्हा करावा लागेल. म्हणजे पदवी सहा महिने लांब.

तिने मदतीसाठी भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. तिच्या मार्गदर्शक सरोजिनी मॅडम आज सर्दीमुळे घरून हजर होत्या. कॅमेरा बंद होता. माइक बंद करायचा राहिला होता.

"मॅडम, पानी आलं. मोटर लावा पटकन," स्पीकरमधून शेजारणीचा आवाज आला.

"हळू बोला मालनबाई, मी वर्गात आहे," मॅडम कुजबुजल्या. "मागच्या आठवड्यातल्या सोमवारनंतर आज येतंय. आधी गच्चीवरची टाकी भरते, मग ड्रम."

मोटर घरघरू लागली. आज मंगळवार होता.

विशाखाच्या हॉस्टेलला रोज टँकर येई. नळाचा वार तिला कधी लक्षात ठेवावाच लागला नव्हता. अंतर मोजताना तिने वसाहतींची नावं गाळली होती. आता तिने तो रकाना परत आणला. एका वसाहतीतली सगळी मुलं एकाच दिवशी घरी होती.

"सर, सापडलं," ती म्हणाली.

सर बोटांवर काहीतरी मोजत होते. "म्हणजे आमच्याकडं उद्या," ते स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांनी प्रकल्पावर सही केली, खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: उद्याची बैठक सर्वांनी घरून करावी.