मुहूर्ताची साडी

"तुळस हातात घे अन् सांग," पंजाबराव म्हणाले. "सायबासमोर तोंड उघडनार नाही."

सुखीबाईने तुळशीचं पान मुठीत धरलं. "नाही उघडनार, मालक."

पंजाबरावांनी तिला नवी मोतिया साडी दिली. "तुह्या औषधाचंही मी पाहीन. त्या विम्याच्या नादी कायले लागतं?"

मारेगाव रस्त्यावरच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये सुखीबाईचं वय गेलं होतं. रुईचा बारीक, उडता भुरका छातीत बसला होता. आता झाडू मारतानाही तिला भिंतीला टेकावं लागे. विमा असता तर उपचार झाले असते. पण कायद्यात सूट होती: जिथे फक्त सरकी काढून गाठी बांधतात, तो कारखाना हंगामी, तिथल्या कामगारांना विमा नाही.

इथे मात्र मागच्या शेडमध्ये बारा महिने सरकीचं तेल निघत होतं. हमाल उत्तमसिंगने तेच विमा कार्यालयात कळवलं होतं. तिथले साहेब आज त्यासाठीच तपासणीला येत होते. आणि त्यासाठीच कालपासून तेलघाणीवर ताडपत्री होती, ताडपत्रीवर कापसाचा ढीग होता.

साहेब आले, तेव्हा हंगामाच्या मुहूर्ताची तयारी चालली होती. तेलाचा वास मारायला जागोजागी उदबत्त्या लावल्या होत्या.

"जिनिंगा बंद पडून राह्यल्या, कापसाले भाव नाही," पंजाबराव उत्तमसिंगकडे पाहत म्हणाले, "अन् यायले विमा पायजे. उद्या पेन्शन मागतीन!"

"मागू ना. भीक थोडीच मागून राह्यलो?" उत्तमसिंग म्हणाला. "सायेब, आमचं खोटं वाटते, तर सुखीमावशीले विचारा. सगळ्यात जुनी आहे ते."

साहेबांनी मागची शेड पाहून घेतली होती. तिथे कापूसच होता. ते सुखीबाईकडे वळले. "बाई, इथे तेल काढतात का?"

सुखीबाई हातातल्या साडीच्या घडीकडे पाहत राहिली.

"मावशी, बोल ना!"

तिला खोकल्याची उबळ आली. उबळ थांबल्यावर तिने पदराने ओठ पुसले.

"सायेब, म्हातारी खोटं बोलत नाही कधी. तेल निघत असतं तर सांगितलं असतं तिनं," पंजाबराव म्हणाले.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. कामावरच्या बायांनी सुखीबाईकडे पाठ फिरवली. एक जण मोठ्यानं म्हणाली, "साडी चांगली आहे हो, बाई. कितीले पडली?"

उत्तमसिंग तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "छाती तुहीच गेली ना, मावशी?"

साहेब निघू लागले, तसे पंजाबराव आडवे आले. "मुहूर्त आहे सायेब, परसाद घेऊनच जा. आमच्या बाबांचा नेम आहे. इथली एकही मशीन बिनपूजेची राहत नाही. सगळ्यायले सुखीच ओवाळते. चाल, सुखी."

सुखीबाईने ताट उचललं. नवी साडी खांद्यावर टाकली. एकेका मशीनला कुंकू लावत, हार घालत ती शेवटच्या मशीनपर्यंत गेली. ताटात एक हार उरला.

ती थांबली नाही. तशीच मागच्या शेडकडे चालू लागली.

"तिकडं काहून, सुखी? कापूस आहे तिथं!"

साहेब थबकले, मग तिच्यामागे गेले. सुखीबाईने ताट खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी कापूस बाजूला ओढायला सुरुवात केली. भुरका उडाला. खोकत, थांबत तिने ताडपत्रीचं टोक शोधलं आणि ओढलं. लोखंडाला कुंकू लावलं, हार घातला. मग ओटीची म्हणून मोतिया साडी घाणीवर पांघरली, हात जोडले, आणि ओठ घट्ट मिटून साहेबांकडे पाहत उभी राहिली.

साडीवर तेलाचा डाग हळूहळू पसरत गेला.