बुद्धप्रियाच्या बाजूनं

आधी नुसतं ऐक गं, मधी बोलू नको, न्हाईतर माझं सांगायचं राहून जाईल.

बुद्धप्रिया नांदेडहून लातूरला उतरली ती थेट माहेरी गेली. रविवार, भर दुपार, मे महिन्याचं ऊन. दुसऱ्या दिवशी नांदेडला तिच्या फारकतीची बैठक. सासरकडून सासरा, दीर, आत्यासासू, सगळी पलटण येणार. अन् हिच्या बाजूनं कोण? बैठकीत बाप बसलेला नसला की पोरीचं कुणी ऐकून घेत न्हाई, तुला माहितंय. म्हणून ती बापाला न्यायला आलेली. फोनवर विचारलं असतं तर ‘बघू’ म्हणून त्यानं ठेवून दिला असता. शिवाय काउन्सेलिंगच्या मॅडमनं तिला बजावलं होतं, लहानपणापासून मनातल्या मनात वाट बघितलीस, आता तोंडानं माग. सगळ्या रस्त्यानं ती एकच वाक्य घोकत आली.

आईनं दार उघडलं. पाणी न्हाई, ‘बस’ म्हणणं न्हाई. "पप्पा पुनमच्या सेंटरवर गेलेत," म्हणली अन् परत टीव्हीपुढं जाऊन बसली.

पुनम म्हंजे वरच्या खोलीतली भाडेकरू पोरगी. जळकोटकडची. डॉक्टर व्हायचंय म्हणून लातूरला क्लास लावलेला. त्या दिवशी तिची नीटची परीक्षा होती.

बुद्धप्रिया तशीच सेंटरवर गेली. गेटपाशी ही गर्दी. अन् तिचा बाप, आनंदराज, वीज मंडळातनं रिटायर झालेला, ज्यानं हिच्या दहावीला ‘आज कुठला पेपर’ एवढंसुद्धा विचारलं नव्हतं, तो त्या पोरीपुढं वाकून उभा. आत धातूचं काही चालत न्हाई, अन् पोरीच्या नाकातली चमकी निघंना. बापानं भज्याच्या गाड्यावरनं बोटभर तेल आणलेलं. एका हातानं तिची हनुवटी धरलेली, दुसऱ्या हातानं हळूहळू चमकी फिरवून राहिला.

"हलू नको बेटा. झालं, झालं."

बेटा. हिला तो जन्मभर ‘ए’ म्हणत आलाय. खोटं न्हाई सांगत, हिचं नाक तिथं उभ्या उभ्या चुरचुरायला लागलं.

चमकी निघाली, पोरगी पळत आत गेली, गेट लागलं. तेव्हा कुठं बापाला लेक दिसली.

"कधी आलीस?"

"आत्ताच."

"बरं." अन् नजर परत गेटाकडं.

"घरी चला की पप्पा. पाचशिवाय सोडत न्हाईत त्यांना."

"नको. आत चक्कर-बिक्कर आली म्हंजे? फॉर्मवर फोन नंबर माझाच दिलाय तिनं."

मग दोघं भिंतीच्या सावलीला बसले. कधी आपणहून न बोलणारा बाप बोलायला लागला, अन् तेही कशावर? "लई सोसलंय त्या लेकरानं. बाप बोलतच न्हाई बघ तिच्याशी. फोन केला की ‘हं’ म्हणतो अन् ठेवतो. असं कुणी करतं का पोटच्या पोरीला?"

बुद्धप्रियानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. वाटलं, चेष्टा करतोय. न्हाई गं. खरंच म्हणून राहिला होता.

"माझ्याशी कोण बोलायचं, पप्पा?"

बापानं चप्पल काढली, झटकली, परत घातली. "तुला कुठं काय लागायचं? तू हुशार होतीस."

हिनं श्वास घेतला अन् घोकलेलं वाक्य बोलून टाकलं. "पप्पा, उद्या नांदेडला बैठकीत माझ्या बाजूनं बसा."

"ऊन लई हाय आज," बाप म्हणला.

बास. परत गेटाकडं तोंड करून बसला. ही तिथं बसून मनात म्हणत होती, जाऊ दे त्या पोरीचा पेपर वाईट. मग स्वतःचीच लाज वाटली. मग परत तेच म्हणली.

पेपर सुटला. पुनम हसतच बाहेर आली. बापानं थंड पाण्याची बाटली आणून, बूच काढून तिच्या हातात दिली. "आधी पाणी पी. मग सांग."

ती घटाघटा प्याली अन् मग तिचं लक्ष गेलं. "अय्या, ताई? तुम्ही कधी आलात?"

हिनं काही सांगायच्या आत बापच बोलला. पण हिच्याशी न्हाई, पुनमशी. अन् बारीक आवाजात, पोरगं सहलीला जायचं विचारतं ना, तसं. "उद्या नांदेडला बैठक हाय हिची. चला म्हणून राहिली."

पुनमनं ओढणीनं तोंड पुसलं. "मग जावा की काका. लेक हाय तुमची. माझं काय, परीक्षा झाली, मी सकाळीच गावाला चालले."

"बरं," बाप लगेच म्हणला. एका शब्दात. मग बुद्धप्रियाकडं वळला. "येतो मी. कितीची गाडी हाय?"

जे मागायला आली ते मिळालं बघ. अन् मिळालं कुणाच्या सांगण्यावरनं, तर तिच्या. पुनम तिकडं हसून बघून राहिली, हिचं काम करून दिल्यासारखी. अन् बाप हिच्या तोंडाकडं बघत थांबलेला, गेटाकडं न्हाई, हिच्याकडं, हिच्या उत्तराची वाट बघत.

तू सांग आता. तू असतीस तर गाडीची वेळ सांगितली असतीस का?